‘आता कोणता फासा टाकू?’ – रोलप्लेइंगच्या खेळाडूंना नियम शिकवायचे तरी कसे?

कंदीलधारी
खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी; टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट घडवायचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं. पाच खेळाडू, सगळी पात्रं चौथ्या लेव्हलची. नियमांची पीडीएफ ग्रुपवर कधीची पडून आहे, उघडलेली कोणीच नाही. त्यामुळे दर टर्नला तेच प्रश्न येतात. मारायला कोणता फासा? त्यात काय मिळवायचं? मला बोनस ॲक्शन (टर्नमधली जादा छोटी कृती) आहे का? चार राऊंडांच्या साध्या लढाईला दोन तास लागतात आणि ज्या एकदोघांना नियम येतात ते तोवर मोबाईल काढून बसतात.

गोष्टीत सगळ्यांना रस आहे, हजेरी चोख आहे, तेव्हा आळशीपणाचा शिक्का मारावासा वाटत नाही. नियम शिकाच असा आग्रह डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) धरावा का? धरायचा तर नेमकं काय शिकवायचं आणि कोणत्या क्रमानं?

फासेपारधी
‘नियम येत नाहीत’ या एका वाक्यात तीन वेगळी दुखणी आहेत. एक, मूळ फासा कळलेला नाही: डी२० (वीस बाजूंचा फासा), अधिक मॉडिफायर (पात्राच्या गुणाचा आकडा), अधिक येत असेल तर प्रोफिशियन्सी (कसबाचा आकडा). दोन, टर्नमध्ये काय काय बसतं ते कळलेलं नाही. तीन, स्वतःच्या पात्राला काय करता येतं ते माहीत नाही. तुमच्या यादीतले प्रश्न वेगवेगळ्या खणांतले आहेत. पुढच्या सेशनला कोण कोणता प्रश्न विचारतं ते कागदावर नुसतं टिपून ठेवा. बहुतेक वेळा दिसेल की तिसरा खणच ओसंडून वाहतोय.

नियमावली
आग्रह धरायलाच हवा. प्लेयर्स हँडबुक तीनशेच्या वर पानांचं आहे हे खरं, पण खेळाडूला ते सगळं लागत नाही. सातवं प्रकरण फासा कसा चालतो ते सांगतं, आठवं प्रवास आणि विश्रांती, नववं लढाई, दहावं स्पेल, म्हणजे मंत्र. ही चार मिळून तीस-पस्तीस पानं होतात. त्यापुढे स्वतःच्या क्लासची (पात्राच्या पेशाची) पाच-आठ पानं. एका संध्याकाळचं काम आहे. बाकीचे चौघे वेळ काढून येतात आणि डीएम तयारीत तासन्‌तास घालवतो, त्यांच्यासाठी एवढं वाचणं हे सौजन्य आहे.

तळघरातला_दिवा
नियमावली, पानांचा हिशोब बरोबर आहे, पण वाचून हे हाताला लागत नाही. ‘रिॲक्शन’ची (दुसऱ्याच्या टर्नमध्येही करता येणाऱ्या कृतीची) व्याख्या वाचलेल्या माणसालाही गॉब्लिन शेजारून निसटला की आपल्याला त्याच्यावर वार करता येतो हे त्या क्षणी आठवत नाही. नियम घटनेला चिकटला पाहिजे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. पहिल्या सेशनला फक्त मूळ फासा, ॲडव्हान्टेज-डिसॲडव्हान्टेज, आणि टर्न म्हणजे चाल + ॲक्शन + असलीच तर बोनस ॲक्शन. दुसऱ्या सेशनला रिॲक्शन, आणि तिच्यासोबतच डिसएंगेज (वार न खाता निसटणं), कारण एकीशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. तिसऱ्याला कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवायला लागणारी एकाग्रता) आणि छोटी-मोठी विश्रांती. हिट पॉइंट (जीवाचे गुण) शून्यावर गेल्यावरचे डेथ सेव्ह (जगतो की मरतो ते ठरवणारे फासे) मुद्दाम शिकवू नका, कोणी पडलं की तिथेच सांगा: डी२०, काही मिळवायचं नाही, १० किंवा वर आला तर एक यश, तीन यशं झाली की जीव वाचला, तीन अपयशं झाली की मृत्यू, २० पडले तर एका हिट पॉइंटसह शुद्धीवर, १ पडला तर दोन अपयशं. तेव्हा अख्खं टेबल श्वास रोखून ऐकत असतं, परत सांगावं लागत नाही.

ॲडव्हान्टेजवर मात्र पाच मिनिटं जास्त द्या, तिथे हमखास गडबड होते. दोन डी२० टाकायचे, मोठा घ्यायचा; डिसॲडव्हान्टेजला लहान. बेरीज नाही. तीन कारणांनी ॲडव्हान्टेज मिळालं तरी फासे दोनच. आणि एका बाजूला तीन ॲडव्हान्टेज, दुसरीकडे एकच डिसॲडव्हान्टेज असलं तरी सगळं फिटलं, एकच फासा. एका डी२०ची सरासरी १०.५, ॲडव्हान्टेजनं ती १३.८ च्या आसपास जाते. हा आकडा सांगितला की खेळाडू ॲडव्हान्टेज कुठून मिळेल ते आपणहून शोधायला लागतात.

वीसपैकी_एक
डेथ सेव्हच्या वेळी शिकवण्याची कल्पना झकास! मरता मरता शिकलेलं कोण विसरेल?

कागदपेन्सिल
फासेपारधींच्या तिसऱ्या खणासाठी: कॅरेक्टर शीट बाजूला ठेवा आणि प्रत्येकाला तळहाताएवढं एक कार्ड द्या. शीटमध्ये दोष असा की तिथे सगळं सारख्याच महत्त्वानं छापलेलं असतं. लढाईत लागणारे सहा-सात आकडे त्या गर्दीत हरवतात.

तुमच्या गटात रोग (rogue, चोरट्या क्लासचं पात्र) असेल तर चौथ्या लेव्हलला, डेक्स्टेरिटी (चपळाई) १८ धरून, त्याचं कार्ड असं होईल:

‘शॉर्टबो. मारताना डी२० + ६. लागला तर डी६ + ४.
स्नीक अटॅक: आणखी २डी६ (दोन डी६), एका टर्नला एकदाच. कधी? मला ॲडव्हान्टेज असेल तेव्हा. किंवा लक्ष्याच्या ५ फुटांत आपलं कोणी शुद्धीवर उभं असेल आणि मला डिसॲडव्हान्टेज नसेल तेव्हा.
बोनस ॲक्शन: पळणे, निसटणे किंवा लपणे.’

बस्स. ६ कुठून आला (डेक्स्टेरिटीचे ४, प्रोफिशियन्सीचे २) ते कार्डाच्या मागे. ‘कधी?’ ही ओळ सगळ्यात मोलाची. स्नीक अटॅकसाठी लपलेलं असावंच लागतं असा समज फार पसरलेला आहे, आणि त्यापायी कित्येक रोग दर राऊंडला सरासरी सात डॅमेज सोडून देतात.

कार्ड पेन्सिलनं लिहायचं आणि लिहायचं ते खेळाडूनं, डीएमनं नाही. पाचव्या लेव्हलला प्रोफिशियन्सी ३ होते, स्नीक अटॅक ३डी६ होतो. छापील कार्ड असेल तर जुना आकडा तसाच राहतो आणि चार सेशन कोणाच्या लक्षातही येत नाही. खोडून लिहिताना हिशोब पुन्हा एकदा डोक्यातून जातो, हा दुसरा फायदा.

घुबडदृष्टी
विझार्ड, क्लेरिक या स्पेल टाकणाऱ्या क्लासचं एका कार्डात भागत नाही. चौथ्या लेव्हलच्या विझार्डला ४ कँट्रिप (स्लॉट न लागणारे स्पेल), पहिल्या लेव्हलचे ४ स्लॉट (स्पेल टाकायच्या संधी) आणि दुसऱ्याचे ३. दर स्पेलला एक कार्ड करावं आणि पुस्तकातला मजकूर त्यावर उतरवून काढू नये. चारच गोष्टी लिहाव्यात: ॲक्शन की बोनस की रिॲक्शन, किती दूरवर, फासा कोण टाकतो, कॉन्सन्ट्रेशन आहे का. ‘फासा कोण टाकतो’ हे लिहिलं की निम्मे प्रश्न संपतात. फायर बोल्टला मारणारा टाकतो, फायरबॉलला ज्यांच्यावर पडतो ते टाकतात. शिकणाऱ्याला दोन्ही ‘आग फेकणे’च वाटतं, म्हणून तो दर वेळी विचारतो.

स्लॉटसाठी दोन रंगांचे मणी घ्या, ४ आणि ३. स्पेल टाकला की मणी टेबलाच्या मध्यभागी. शीटवरच्या खुणांपेक्षा हे बरं, कारण शिल्लक सगळ्यांना दिसते.

आणि ‘लेव्हल’ या शब्दाचा घोळ आधीच मिटवा. पात्राची लेव्हल वेगळी, स्पेलची वेगळी. चौथ्या लेव्हलच्या विझार्डला चौथ्या लेव्हलचे स्पेल येत नाहीत, ते सातव्याला येतात. हा दोष खेळाडूचा नाही, पुस्तकानं एकच शब्द दोन कामांना लावलाय.

पटावरची_सोंगटी
कॉन्सन्ट्रेशन विसरणं हा तर सार्वत्रिक आजार. सोंगटीभोवती एखादी रिंग अडकवा, रिंग आहे तोवर स्पेल चालू. मार बसला की रिंगकडे नजर जाते. मग सेव्ह (बचावाचा फासा) टाकायचा: डीसी (गाठायचा आकडा) १० किंवा बसलेल्या डॅमेजचा निम्मा, मोठा असेल तो. १४ बसले तर १०, २६ बसले तर १३. एकाच टर्नमध्ये दोन वार बसले तर दोन वेगळे सेव्ह, बेरीज करून एक नाही. आणि दुसरा कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल सुरू केला की पहिला गेला, त्याला सेव्ह वगैरे काही नाही.

नियमावली
कार्डं उत्तम, मान्य. पण कार्डावर जगणारा खेळाडू कार्डाबाहेर पाऊल टाकत नाही. ढकलणं, धरून ठेवणं, डॉज, साथीदाराला मदत, ॲक्शन रोखून धरणं हे क्लासच्या कार्डावर कुठे असतं? लढाई मग ‘मी मारतो, तू मारतोस’ एवढीच उरते.

कागदपेन्सिल
रास्त मुद्दा. म्हणून दुसरं कार्ड सगळ्यांना सारखंच: अटॅक, डॅश, डिसएंगेज, डॉज, हेल्प, हाइड, रेडी, सर्च, वस्तू वापरणे, स्पेल टाकणे. प्रत्येकापुढे एक ओळ. ‘डॉज: पुढच्या टर्नपर्यंत मला दिसणाऱ्यानं मला मारलं तर त्याला डिसॲडव्हान्टेज, माझ्या डेक्स्टेरिटी सेव्हला ॲडव्हान्टेज.’ ‘रेडी: ही ॲक्शन आत्ताच वापरली, ठरवलेली गोष्ट घडली की रिॲक्शन खर्चून करणार.’ रेडीची ओळ अशीच पूर्ण लिहा, नाहीतर खेळाडू रोखून धरलेला वार आणि निसटत्या शत्रूवरचा वार असे दोन्ही एकाच राऊंडमध्ये मागतात.

शतप्रतिशत
मुळात खेळच बदलून का बघत नाही? कॉल ऑफ कथुलूमध्ये शीटवर ‘ग्रंथालय ६०’ लिहिलेलं असतं, शंभराच्या फाशावर ६० किंवा खाली पडलं की जमलं. अवघड असेल तर निम्मा, ३०. अतिशय अवघड असेल तर पाचवा हिस्सा, १२. तिन्ही आकडे शीटवरच असतात, टेबलावर बेरीज नाही. सगळं समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात.

बारा_वाजता
किंवा अपोकॅलिप्स वर्ल्ड (२०१०) आणि त्याच्या वंशातले खेळ. दोन डी६ + एक गुण. १० किंवा वर मनासारखं, ७ ते ९ जमलं पण किंमत मोजून, ६ किंवा खाली डीएमची चाल. खेळाडूपुढे त्याच्या ‘मूव्ह्ज’चं पान छापूनच असतं, म्हणजे कागदपेन्सिलांचं कार्ड खेळ बनवणाऱ्यांनीच करून दिलंय. गुण शून्य असेल तर १०+ येण्याची शक्यता ३६त ६, ७-९ ची ३६त १५, खालचीही १५. थोडक्यात, नियम माहीत नसण्यापेक्षा किंमत मोजायची तयारी नसणं इथे जास्त अडतं.

तळघरातला_दिवा
दोघांनाही एक सांगतो: नियम कमी म्हणजे शिकायचं कमी, असं सरसकट होत नाही. ब्लेड्स इन द डार्कमध्ये डी६ ची मूठ टाका, सगळ्यात मोठा बघा, ६ पूर्ण यश, ४-५ अर्धं, १-३ वाईट. सोपं वाटतं. पण फासा टाकण्याआधी धोका किती आणि परिणाम किती हे बोलून ठरवावं लागतं आणि ते बोलणं हाच तिथला नियम आहे. तो कार्डावर मावत नाही. उलट पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती (२०१९) जाड आहे, तरी ‘टर्नला तीन ॲक्शन, दुसऱ्या वाराला उणे ५, तिसऱ्याला उणे १०’ हे नवख्याला ॲक्शन-बोनस ॲक्शनच्या भानगडीपेक्षा लवकर उमगतं. जाडी आणि अवघडपणा एक नाही.

शतप्रतिशत
खरंय. कथुलूतही फंबल (घोर फजिती) समजावताना अडखळायला होतं: लागणारा आकडा ५० च्या खाली असेल तर ९६ ते १०० फंबल, नाहीतर फक्त १००.

दोनधारी
विषय डीअँडडीचा आहे तर एक धोक्याची सूचना. तुमची पुस्तकं २०१४ची आहेत, पण खेळाडू इंटरनेटवर जे बघतील ते २०२४च्या नियमांचं असू शकतं. नावं तीच, नियम वेगळे. हीलिंग पोशन पिणं २०१४त ॲक्शन, २०२४त बोनस ॲक्शन. धरून ठेवायला २०१४त दोघांनी फासे टाकून तुलना, २०२४त समोरच्यानं सेव्ह करायचा, डीसी ८ + स्ट्रेंग्थ + प्रोफिशियन्सी. एक खेळाडू हे वाचून येतो, दुसरा ते, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. ग्रुपवर एकच ओळ टाका: ‘आपण २०१४ खेळतो.’ पीडीएफपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

मोडीलिपी
कार्डं मराठीत केली तर? पाचव्या आवृत्तीचा नियमसंग्रह, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुला झाला. २०२४च्या नियमांचा ५.२ हा २०२५मध्ये. त्यातला मजकूर भाषांतर करून, श्रेय देऊन वाटायला कसलीच आडकाठी नाही.

फासेपारधी
कल्पना आवडली, पण शीट इंग्रजीत आहे. कार्डावर ‘बचाव’ आणि शीटवर ‘सेव्हिंग थ्रो’ असं झालं की खेळाडूला आणखी एक शब्दकोश पाठ करायला लागायचा.

मोडीलिपी
म्हणून सरसकट नाही. आर्मर क्लास (एसी, वार लागायला गाठायचा आकडा), प्रोफिशियन्सी, सेव्ह, स्लॉट तसेच राहू देत, ते शीटवर शोधायचे शब्द आहेत. जिथे मराठी शब्दच नियम सांगून जातो तिथे मराठी घ्यावा. ‘एकाग्रता’ म्हटलं की ती मार बसल्यावर भंगू शकते आणि एका वेळी दोन गोष्टींवर राहत नाही, हे दोन्ही न सांगता कळतं. ‘निसटणे’चंही तेच. क्रियापदं मराठी, आकड्यांची नावं शीटवरची.

वीसपैकी_एक
‘डिसॲडव्हान्टेज’ला ‘साडेसाती’ म्हणावं असा माझा ठराव आहे.

घुबडदृष्टी
साडेसाती साडेसात वर्षं चालते हो, ही एका फाशापुरती!

बरं, मुद्द्यावर. आतापर्यंत सगळं खेळाडूच्या बाजूचं झालं. डीएमच्या सवयींनी खेळाडू अडाणी राहतात, त्याचं काय? खेळाडू ‘१३ पडले’ म्हणतो, डीएम मनात ६ मिळवून ‘लागला’ म्हणतो. त्या खेळाडूनं बेरीज का शिकावी? फाशावरचा आकडा ऐकूनच घ्यायचा नाही, बेरीज मागायची. ‘१९, लागतो का?’ हे वाक्य खेळाडूच्या तोंडून यायला हवं. ‘माझा एसी किती’ असं विचारलं तर आकडा सांगू नका, जागा सांगा: शीटच्या मधल्या रकान्यात सगळ्यात वर. स्किल डाव्या बाजूला, वार मधल्या रकान्यात खाली, क्लासची वैशिष्ट्यं उजवीकडे. तीनदा जागा सांगितली की चौथ्यांदा विचारणा होत नाही. आकडा सांगितला तर तीसदा होते.

पटावरची_सोंगटी
त्याला जोडून: टर्न पुकारताना दोन नावं घ्या. ‘आता रोग, पुढे क्लेरिक.’ इनिशिएटिव्हच्या (टर्नच्या) क्रमानं नावांच्या घडी घातलेल्या चिठ्ठ्या डीएमच्या पडद्यावर लटकवल्या तर पुकारायचीही गरज नाही. खेळाडूंचा वेळ नियमांपेक्षा निर्णयात जास्त जातो.

नियमावली
सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. वाळू संपली की डॉज.

तळघरातला_दिवा
नवख्यांवर हे नका लादू. घड्याळ लावलं की माणूस कार्ड वाचायचं सोडून जे पाठ आहे तेच करतो, म्हणजे नवीन काही वापरून बघतच नाही. शिकणं तिथेच थांबतं. नियम येतात पण टर्न लांबवतात, अशांना घड्याळ ठीक.

नियमावली
हे पटलं. नवख्यांना नको.

अंधारकोठडी
सरावाची लढाई कोणीच सांगितली नाही. सेशनच्या सुरुवातीला २०-२५ मिनिटं, गोष्टीबाहेरची, मेलं तरी काही बिघडत नाही अशी. तुमच्या गटासाठी चार गॉब्लिन आणि एक ओगर पुरे. गॉब्लिन एसी १५, हिट पॉइंट ७, वार +४, डी६+२. ओगर एसी ११, हिट पॉइंट ५९, वार +६, २डी८+४.

हे दोघंच घेण्याचं कारण आहे. गॉब्लिन बोनस ॲक्शननं निसटू शकतो. पहिल्या राऊंडला त्याला वार करू द्या, मग तसाच निसटू द्या आणि मोठ्यानं सांगा, ‘हा डिसएंगेज करून गेला, कोणाला वार नाही.’ दुसऱ्या राऊंडला ओगरला साध्या चालीनं फायटरच्या जवळून विझार्डकडे न्या आणि फक्त विचारा, ‘रिॲक्शन कोणाकडे शिल्लक आहे?’ फरक डोळ्यांसमोर घडतो. ओगरचा एसी कमी, तेव्हा वार लागत राहतात आणि डॅमेजचे फासे पुन्हा पुन्हा टाकले जातात. तो सरासरी १३ मारतो, त्यामुळे विझार्डच्या एकाग्रतेची परीक्षाही आपोआप होते, डीसी १०.

चूक इथे होते: डीएमला मोह होतो की याच लढाईत अंधार, आडोसा, ढकलाढकली सगळं दाखवावं. नको. एका सरावात दोन नियम, जास्त नाही.

कंदीलधारी
इतक्या प्रतिसादांबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. सरावाची लढाई, दोन कार्डं, बेरीज खेळाडूची, हे ठरलं. एक प्रश्न उरतो. पाचातला एखादा माणूस गप्पांसाठी, गोष्टीसाठी येतो. त्याला हे सगळं नकोच असेल तर?

फासेपारधी
तर त्याच्या हातात विझार्ड देऊ नका. चॅम्पियन फायटर द्या: १९ किंवा २० पडले की क्रिटिकल (जबर वार), बाकी लक्षात ठेवायचं म्हणजे सेकंड विंड (स्वतःला सावरणं) आणि ॲक्शन सर्ज (एक जादा ॲक्शन). पात्र बदलायचं नसेल तर शेजारी नियम येणारा बसवा, पण त्यानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही एवढी अट घाला. नाहीतर शेजारीच दोन पात्रं खेळतो.

नियमावली
मी सुरुवातीला सौजन्य म्हटलं होतं, त्यावर ठाम आहे, फक्त माप बदलतो. तीस पानं नकोत. स्वतःच्या कार्डावरचं जे आहे ते न विचारता करता यावं, एवढी अपेक्षा प्रत्येकाकडून ठेवा आणि ती पहिल्याच दिवशी बोलून दाखवा.

कंदीलधारी
क्लेरिकसाठी पहिलं कार्ड करून बघितलं, चुकलं असेल तर सांगा: ‘ब्लेस. ॲक्शन. ३० फूट. तीन जण. त्यांच्या सगळ्या डी२० ला + डी४. एकाग्रता, १ मिनिट.’

घुबडदृष्टी
‘सगळ्या’ खोडा. वार आणि सेव्ह, एवढ्यालाच. कुलूप उघडणं, चोरपावलांनी जाणं यांना डी४ मिळत नाही. ‘तीन जण’च्या आधी ‘जास्तीत जास्त’ घाला. ‘फासा कोण टाकतो’ची ओळही हवी: टाकताना कोणीच नाही, नंतर डी४ ज्याचा त्यानं टाकायचा. एक-एक डी४ त्या तिघांच्या पुढ्यातच ठेवून द्या, म्हणजे विसरणार नाहीत.

दोनधारी
आणि स्पिरिच्युअल वेपनचं कार्ड करताना जपून. २०१४त त्याला एकाग्रता लागत नाही, २०२४त लागते. तुमच्या नियमांत ब्लेस चालू ठेवून ते काढता येतं, पण एकाच टर्नमध्ये नाही, कारण बोनस ॲक्शननं स्पेल टाकला की त्या टर्नच्या ॲक्शनला फक्त कँट्रिप. पहिल्या टर्नला ब्लेस. दुसऱ्याला बोनस ॲक्शननं वेपन आणि ॲक्शननं सेक्रेड फ्लेम हा कँट्रिप. त्याचा फासा समोरचा टाकतो, डेक्स्टेरिटी सेव्ह. हा क्रम कार्डाच्या मागे लिहून टाका.